नवख्यांची नदी

४ एप्रिल

मोठे,

आधी माझी खुशखबर ऐक, मग तुझ्या पत्राकडे वळते. मी वल्हवायला शिकले! होय, मीच. एकोणसत्तरावं चालू आहे, जिना उतरताना गुडघे कुरकुर करतात, तिसरीनंतर शाळेचं तोंड बघितलं नाही, आणि काल मी रबरी बोटीत बसून वरच्या पुलापासून आपल्या घराखालच्या वाळूपर्यंत आले. बुडाले नाही. नाकातोंडात पाणी गेलं, पण ते मी हसत होते म्हणून गेलं.

टिटवीने शिकवलं. तुझी भाची. तू पाहिलीस तेव्हा सोळाची होती, आता बावीसची आहे आणि बोटींचं सगळं तीच बघते. तिचा बाप, तुझा भाऊ, कारकुनी करायला गेला तो गेलाच, त्याला पाय ओले झालेले कधी खपले नाहीत. पोरीचा आवाज असा की खळाळाच्या वरून ऐकू येतो, म्हणून बोटीतल्या पाहुण्यांनीच टिटवी नाव पाडलं. मला म्हणते कशी, "आजी, ती पळी नाही, ढवळू नकोस. ओढ!" मी ओढलं. बोट गर्रकन फिरून उलटी झाली, म्हणजे पालथी नाही गं, तोंड मागे. आम्ही पाठमोऱ्याच दुसरा खळाळ उतरलो. टिटवी शिव्या देत होती आणि मी हसून हसून मेले.

मला कुणी सांगितलंच नव्हतं की नदी आतून अशी दिसते. सत्तेचाळीस वर्षं काठावरून बघितली, वाटायचं पाणी म्हणजे पाणी. आत बसलं की दोन्हीकडची झाडं वाकून बघतात, तळाचे दगड हिरव्या काचेखाली ठेवल्यासारखे स्वच्छ, एक खंड्या तर पार तिसऱ्या वळणापर्यंत आमच्या पुढे पुढे उडत होता. आणि खळाळ म्हणशील तर काय, चार उड्या आणि एक शिडकावा. आठ वर्षांची पोरं बसतात. बाहेरच्या पाटीवर तुझ्या बाबांनीच रंगवलंय ना, नवख्यांची नदी, कुणीही यावे. मी सोडून.

असो. तुझं पत्र. सहा वर्षांनी आलं, तेही बाबांसाठी. खाली घळीत फोन लागत नाही म्हणून माझ्या नावाने लिहावं लागलं, नाहीतर कशाला लिहिलं असतंस. बाबांना तुझ्याकडे न्यायचंय, तुझ्या घरात तळमजल्यावरची खोली रिकामी केलीस, खिडकीबाहेर बाग आहे, व्यायाम करून घ्यायला रोज बाई येईल. वाचलं सगळं. डॉक्टरीणबाई वीस तारखेला येऊन त्यांनाच विचारणार आणि त्यांनी हो म्हटलं तरच नेता येणार, तेही वाचलं. एकदा डोळे मिटले म्हणजे हो, दोनदा मिटले म्हणजे नाही. त्यांचं उजवं अंग गेलं, वाचा गेली, डोकं मात्र लख्ख आहे. फक्त अक्षरं लागत नाहीत. कागद समोर धरला की मुंग्या बघाव्यात तसे बघतात. म्हणजे या घरात आता सगळ्यात शिकलेली मी!

"बाबांना अक्षर न अक्षर वाचून दाखव" असं लिहिलंयस. दाखवीन की.

आई


११ एप्रिल

मोठे,

बाबांना आतल्या खोलीतून बाहेर आणलं. खाट खिडकीसमोर लावली. त्यांच्या उजव्या हाताला खिडकी, डाव्या हाताला भिंत. आतल्या खोलीत काय होतं बघायला, एक कपाट आणि मी धुऊन वाळत घातलेली बोटीची जॅकेटं. आता पडल्या पडल्या शेवटचा खळाळ, वाळू, उतरणारे पाहुणे, सगळं दिसतं. खालची पोस्टवाली म्हणाली, "किती करता हो आजी त्यांचं!" मी म्हटलं, करायलाच हवं, माझं माणूस आहे.

आणि बघायला मी असते ना! रोज सकाळी साडेदहाला येते. आता टिटवी मला मागे बसवते. मागची जागा कुणाची, ते तुला सांगायला नको. त्यांचंच लाल हेल्मेट घालते, जरा मोठं होतं, आत टॉवेल कोंबते. खिडकीच्या समोर आलं की वल्हं वर करून ओरडते, "अरे, बघितलंस का?"

हो, अरे म्हणते. लग्नापासून अहो म्हटलं, आता म्हणून बघितलं तर जीभ काही झडली नाही.

दुपारी त्यांना मऊ जेवण भरवताना सगळं सांगते. कुठल्या दगडाला डावीकडून गेलो, पाहुण्यांतलं कोण घाबरलं, कोणाचा बूट वाहून गेला. त्यांना आवडतं. डोळ्यांतून पाणी येतं. डॉक्टरीणबाई म्हणतात या आजारात माणूस उगाच रडतो, पण मी म्हणते आनंद असेल. तोंड वाकडं झाल्यामुळे हसतात की रडतात तेही कळत नाही, तेव्हा आपण चांगलं तेच धरावं.

काल त्यांना किंकाळीची गोष्ट सांगितली. तुला ती पाठ आहे. पहिल्या खळाळाखालचा तो संथ डोह, तिथे नवख्याला पाणी दाखवायचं, म्हणजे न सांगता ढकलून द्यायचं, भीती मोडते म्हणून. आपल्या धंद्याची रीतच ती. मग खांद्याचे पट्टे धरून वर ओढायचं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. मला लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात दाखवलं. बोटीत आठ पाहुणे होते. जॅकेटचे पट्टे ह्यांनी आवळलेच नव्हते, ते डोक्यावरून निघून गेलं, आणि मला पोहता येत नव्हतं हे ह्यांना ठाऊक होतं. मी जी ओरडले म्हणतेस! आईला हाका मारल्या. कपडे पार वर गेले. आणि हे बोटीच्या कडेला बसून पाहुण्यांना सांगत होते, "काळजी नको, ओरडतेय तोवर श्वास आहे." मी गप्प झाले तेव्हा ओढलं.

त्या डोहाचं नाव पडलं किंकाळी. पाटीवर नकाशा आहे त्यातही तेच लिहिलंय. आणि प्रत्येक तुकडीला, जेवणाच्या टेबलावर, मी वाढत असताना, ही गोष्ट. "बघा, हीच ती!" पाहुणे हसायचे, मीही हसायचे, हातात भांडं असायचं. तू सहा वर्षांची असताना टेबलावर उभी राहून माझी नक्कल करायचीस, "आई गं, आई गं," नाक धरून. फार छान करायचीस. पाहुणे तुला खाऊ द्यायचे.

तर काल तीच गोष्ट मी त्यांना सांगितली, त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच जागी थांबून. मी काही तितकं रंगवून सांगू शकत नाही. पण त्यांना पूर्ण ऐकावी लागली, उठून जायची सोय नव्हती.

तुझं पत्रही वाचून दाखवलं बरं का. दोनदा वाचलं. जोडाक्षरांना अडखळले, पण वाचलं.

आई


२१ एप्रिल

मोठे,

डॉक्टरीणबाई काल येऊन गेल्या. त्या तुला कळवतीलच, पण माझ्याकडूनही ऐक.

मी कोपऱ्यात उभी होते, एक शब्द बोलले नाही. टिटवी साक्षीला होती. बाई त्यांच्या तोंडाजवळ वाकून म्हणाल्या, "आजोबा, मुलीकडे जायचंय का?" दोन वेळा डोळे मिटले. बाईंना वाटलं पापणी हलली असेल, पुन्हा विचारलं. पुन्हा दोनदा, आणि असे घट्ट मिटले की बाकीचा अर्धा चेहराही आवळला. तिसऱ्यांदा उलटं विचारलं, "इथेच राहायचंय?" एकदा.

टिटवी म्हणाली, "आजोबा? आत्याकडे नाही जायचं? नक्की?" एकदा. मग तिला रडू आलं, आनंदाने म्हण की कशाने म्हण.

मी काय सांगू मला काय वाटलं! सत्तेचाळीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदा माझ्याजवळ राहतो म्हटलं. मी त्याच दिवशी बोट काढली. पाऊण तास वल्हवलं, शेवटच्या खळाळात उजवीकडच्या दगडाला घासलं आणि पुढची बाई टुपकन पाण्यात पडली. तिला लगेच ओरडून सांगितलं, "उभी राहू नकोस! पाय वर कर, पाठीवर पड!" ते शिकावं लागतं. पाणी गुडघ्याएवढंच असतं म्हणून नवखा माणूस उभा राहतो, पाय दोन दगडांत अडकतो आणि वरून पाणी त्याला वाकवतं. नवख्यांची नदी माणूस मारते ती अशी, उथळ जागी. ती पाठीवर पडली, मी वल्ह्याची मूठ पुढे केली, ओढून घेतली. आधी तिचे पट्टे दोनदा आवळलेले होते, तेही सांगते.

वर खिडकीत बघितलं. बघत होते. काय छान दिवस!

तू रागावू नकोस. तुला बाबा नेहमीच मिळालेत. सात वर्षांची होतीस तेव्हापासून पुढच्या जागेवर तू, मागच्या जागेवर ते. आणि मला तू शेवटचं काय म्हणालीस? "आई, तू जन्मभर जॅकेटं धुतलीस, तुला नदीतलं काय कळतं." तुझं खोटं नव्हतं काही. आता कळतं, एवढंच.

आई


१४ मे

मोठे,

तू गेलीस त्याला चार दिवस झाले. पोचलीस का, ते टिटवीला कळव, मला कळवायची गरज नाही.

एवढ्या लांबून आलीस, सामानाची बॅग दारातच ठेवलीस आणि तशीच उचलून नेलीस. मी दोन वाट्या जास्त वाढून ठेवल्या होत्या. असो. तू बारीक झालीस गं. केस कापलेस ते तुला शोभत नाहीत.

मी सगळं दारातून बघितलं. "बाबा, मी आलेय. बाबा, बघा ना इकडे." आधी बघितलं त्यांनी. डोळे असे भरून आले की मला क्षणभर धस्स झालं. मग तू म्हणालीस, "माझ्या घरी चला बाबा. माझ्याच घरी, खोली तयार आहे, तुम्हाला दुसरीकडे कुठेही ठेवणार नाही." आणि त्यांनी मान भिंतीकडे वळवली. मान तेवढी डावीकडे वळते त्यांची. तू खाटेला वळसा घालून भिंतीकडून जायला गेलीस तर जागाच नाही, खाट चिकटलेली. मग तू पायथ्याशी बसून त्यांचा गेलेला पाय चोळत बसलीस. दोन तास. त्या पायाला काही कळत नाही, मी तुला सांगितलं नाही, म्हटलं चोळू दे.

जाताना मला म्हणालीस, "आई, तू त्यांना काय केलंयस?"

मी काय करणार? मी भरवते, पुसते, कुशीवर वळवते. पाठीला एक फोड नाही त्यांच्या, डॉक्टरीणबाईंना विचार. तुला नको म्हणाले त्याचा राग माझ्यावर का? माणसाला वाटतं आपण कुणाचे तरी लाडके आहोत. मग कळतं की नाही. मला ते बाविसाव्या वर्षी कळलं, तुला सेहेचाळिसाव्या. चोवीस वर्षं जास्त मिळाली तुला, मजेत घालवलीस.

तू पुलावर चढलीस तेव्हा मी बोटीत होते. हात केला होता. तू बघितलं नाहीस.

आई


३० मे

मोठे,

हे पत्र मी टिटवीसमोर बसून लिहिते आहे. ती म्हणाली, "आजी, तू लिहितेस की मी लिहू?" मीच लिहिते. दुसऱ्याच्या तोंडून माझी गोष्ट पुष्कळ वेळा सांगून झालीय.

टिटवी जॅकेटांचे पट्टे शिवायचा दोरा शोधत होती, डब्यात तुझं पत्र सापडलं. वाचलं तिने आणि माझ्याकडे बघत राहिली. "आजी, आत्याने तर असं लिहिलंय. मग आजोबा नाही का म्हणाले? तू त्यांना काय वाचून दाखवलंस?"

तर ऐक. तू लिहिलंस ते मी वाचलंच नाही. कागद हातात धरला, तुझ्या ओळींवरून बोट फिरवलं, आणि हे वाचलं: "आई, बाबांना माझ्या घरी ठेवणं जमणार नाही. एका संस्थेत जागा बघितली आहे. तिथे माणसं दिवसभर भिंतीला टेकवून बसवतात, पण दुसरा इलाज नाही. बाबांना मात्र सांग की माझ्याच घरी राहायचंय, खोली तयार आहे, नाहीतर ते यायचे नाहीत. मी स्वतः आले तरी हेच सांगेन. हे त्यांना वाचून दाखवू नकोस." मध्ये मध्ये अडखळले, दोन शब्द फोडून फोडून वाचले. तिसरी शिकलेली बाई एवढं मनाने रचेल असं कुणाला वाटेल? त्यांना तर नाहीच. वाचताना मला हसायचे ते, "चाललं बघा, बैलगाडीने." म्हणून बसला विश्वास.

म्हणून तू तोंडाने "माझ्याच घरी" म्हणालीस, आणि त्यांनी तोंड फिरवलं. तू जितकं गोड बोलत होतीस तितकं ते मला खरं ठरवत होते.

टिटवी म्हणते का केलंस ते लिही. लिहिते. ते गेले तर मला बघणार कोण? पाहुणे बघतात, पण त्यांना काय ठाऊक मी आधी कोण होते. तुझ्या बाबांनीच बघायला हवं होतं. रोज, साडेदहाला, मागच्या जागेवर मी. निदान सत्तेचाळीस वर्षं तरी. तितकं कुणी जगत नाही हे कळतं मला, तिसरी शिकलेली असले तरी.

पण तू गेल्यापासून ते तोंड भिंतीकडून वळवतच नाहीत. मी खाली येते, वल्हं वर करते, हाक मारते, आणि खिडकीत त्यांचं टक्कल पाठमोरं दिसतं. मान हाताने सरळ केली तर डोळे मिटून घेतात. भरवते ते गिळतात. पहिले दोन दिवस वाटलं, बघेनात का, नदी तर माझीच आहे. तिसऱ्या दिवशी डोहापर्यंत आले आणि वल्हवायचं विसरून बसले. टिटवी ओरडत होती, "आजी, ओढ ना!" बोट आपली आपण फिरत राहिली.

परवा टिटवीने मला त्यांच्याजवळ बसवलं आणि तुझं खरं पत्र वाचायला लावलं. अक्षर न अक्षर. खिडकीबाहेर बाग आहे, तेही दोनदा वाचलं. म्हटलं, "अहो, हे खरं आहे. आधीचं मी मनाचं वाचलं होतं. पटतं का?" दोनदा मिटले. टिटवीने कागद घेऊन स्वतः वाचलं, तिच्यावर तर किती जीव त्यांचा. तिलाही दोनदा. "आजोबा, मी कधी खोटं बोलले का?" ती रडत होती. दोनदाच. म्हणजे तू कधी खोटं बोलली नाहीस हे मान्य, पण या पत्रावर विश्वास नाहीच. त्यांना वाटतं आम्ही दोघी मिळून आता त्यांना घालवायला निघालो आहोत. आणि संस्थेतल्या त्या भिंतीची सवय ते आतापासून करून घेताहेत, असं टिटवी म्हणते. मला ते तिने सांगायला नको होतं.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं सगळं. त्या माझ्याशी बोलत नाहीत आता, फक्त टिटवीशी बोलतात. त्या म्हणाल्या मुलीने पुन्हा यावं, आणि राहावं, दोन तासांत उठून जाऊ नये. कदाचित महिना लागेल, कदाचित उपयोग व्हायचा नाही.

खाट मी दीड हात पुढे ओढली आहे. आता भिंत आणि खाट यांच्या मध्ये एक स्टूल बसतं. मी बसून बघितलं. डोळे मिटून घेतले त्यांनी, मी उठेपर्यंत उघडले नाहीत. तू बसलीस तरी मिटतीलच. पण तुला गुडघ्यांचा त्रास नाही, आणि तुझ्यासाठी ते कधीतरी उघडतील. माझ्यासाठी उघडायचं त्यांना काही कारण राहिलेलं नाही, ते मी बघितलं.

रस्त्याने येऊ नकोस, दीड तास मोडतो. पुलापाशी टिटवी बोट घेऊन उभी राहील. मागे तूच बस, चालवत ये. मी त्या दिवशी काठावरच असेन, जेवण करून ठेवेन.

आई